चुकलेल्याची खुर्ची

अनय आणि सई,

हे तुम्हाला तुमची आई वाचून दाखवेल, कारण देवनागरी अजून तुमच्या डोळ्यांच्या सवयीची झालेली नाही. तिला माझी एकच सूचना आहे. मधलं काही गाळायचं नाही. काही मजकूर मोठ्याने वाचायला तिला अवघड जाईल, तरी वाचायचा.

गेल्या महिन्यात अनयने शाळेसाठी केलेल्या तक्त्याचा फोटो तुम्ही मला पाठवलात. विषय होता, आमच्या घरात चालत आलेली गोष्ट. सईने माझं चित्र काढलं होतं, चष्म्यासकट, आणि त्याखाली अनयने इंग्रजीत लिहिलं होतं की माझी आजी गणिताची शिक्षिका होती, तिने आईला गणिताची गोडी लावली आणि आईने आम्हाला. तक्ता सुबक आहे, समास सरळ आहेत. पण मधलं वाक्य चूक आहे. दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबडी रेघ मारण्यात जिची सगळी नोकरी गेली, तिला ते वाक्य तसंच सोडून देता येत नाही.

गोडी मी लावली नाही. ती आबांनी लावली.

सगळं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. वहीत मुद्देही काढले. पण हा माणूस क्रमात बसत नाही, म्हणून आठवेल तसं सांगते.

नव्वदनंतरची ती वर्षं. तुमच्या आजोबांची पाटबंधारे खात्यातून बारामतीला बदली झाली होती, मला तिथल्या एका शाळेत वरच्या वर्गांचं गणित मिळालं होतं, आणि आम्ही आबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली आबा, त्यांच्या पत्नी म्हणजे काकी, मुलगा, सून आणि दोन नाती. आबा माळेगावच्या कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. उसाची बैलगाडी काट्यावर चढायच्या आधी ते वजन सांगायचे आणि मग काट्याकडे बघायचे. नोकरी सुटली, पण ही खोड सुटली नाही. मंडईत भाजीवालीने तागडी उचलायच्या आत यांचा आकडा तयार. लग्नात गेले की पंगत उठायच्या आत किती पानं झाली ते सांगणार, आणि मग आचाऱ्याकडे जाऊन खातरजमा करणार. ताप आला तर थर्मामीटर लावण्यापूर्वी स्वतःचा ताप सांगत. एकदा त्यांनी शंभर सांगितला आणि निघाला एकशे तीन. डॉक्टर काळजीत पडले, आणि हे अंथरुणात उठून बसले.

'लई लांब गेलो की वो डॉक्टर,' म्हणाले, आणि चेहरा असा की लॉटरी लागली आहे.

काकी कपाळावरची पट्टी बदलत म्हणाल्या, 'आता मरतानाबी आधी येळ सांगून मरा.'

'सांगीन की. पर चुकंल.'

असे होते. उंच, हडकुळे, कानांवर केसांचे झुपके, आणि विचार करायचा झाला की डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. टोपी गुडघ्यावर गेली की घरात सगळे गप्प.

त्यांच्या ओसरीवर हातांची एक जुनी लाकडी खुर्ची होती. तिला घरात 'चुकलेल्याची खुर्ची' म्हणत. रोज संध्याकाळी चहाची भांडी विसळून झाली की सगळं घर ओसरीवर जमे आणि एक प्रश्न निघे. पसाभर शेंगांत दाणे किती. कालव्याच्या पुलापर्यंत पावलं किती, आणि आबांची कमी अन् नातीची जास्त का. अर्धी भाकरी तिघींना सारखी वाटायची तर प्रत्येकीला चतकोरापेक्षा कमी की जास्त. सगळ्यांनी आकडा सांगायचा, सुनेनेही, पिठाचे हात तसेच धरून. मग मोजायचं. जो सगळ्यांत लांब गेला तो खुर्चीत बसणार. पहिला पेरू त्याचा, आणि उद्याचा प्रश्नही त्यानेच काढायचा. मात्र आधी त्याने खुर्चीत बसून सांगायचं की आपला आकडा आला कुठून. मुद्दाम चुकणाऱ्याला ते सांगता येत नसे, तो तिथेच सापडे.

'नुसता आकडा न्हाय चालायचा,' आबा म्हणत. 'त्या आकड्याची वाट सांग.'

बरोबर आलेल्याला काही मिळत नसे.

हा काय उलटा न्याय, असं मी एकदा विचारलं. टोपी गुडघ्यावर गेली. मग म्हणाले, 'बाई, उभा जन्म काट्यावर काढला. काटा आकडा सांगतो, चूक सांगत न्हाय.'

मला हे वाक्य आवडलं नाही. ते चांगलं होतं म्हणून आवडलं नाही.

आता माझ्या घरातलं सांगते. तुमची आई चौथीत होती. आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागात. सहामाहीत तिला गणितात पन्नासपैकी अकरा मिळाले. शिक्षकांच्या खोलीत तिच्या बाईंनी पेपर माझ्या हातात दिला तो घडी घालून, म्हणजे बाकीच्यांना दिसू नये. त्या घडीने मला जास्त लागलं.

माझे वडील आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. त्यांनी छप्पन साली धम्म घेतला आणि मला पोटाला चिमटा काढून पुण्यात इंग्रजी शाळेत घातलं. ते माझी वही रोज तपासत. म्हणत, 'दुसऱ्याची चूक झाली तर ती चूक. आपली झाली की लोक जात काढतात.' शाळेत तसं घडलेलं मी पाहिलंही. तेव्हा मी चुकायचं नाही असं ठरवलं, आणि बहुतेक वेळा ते पाळलं. ज्या मुलीला शाळा इतकी सोपी व्हावी म्हणून मी झिजत होते, तिने अकरा मार्क आणावेत हे मला समजतच नव्हतं.

मी रोज संध्याकाळी पाच ते सहा तिचा तास घ्यायला सुरुवात केली. टेबल, घड्याळ, वही, तांबडं पेन. आठवड्याभरात रोज पावणेपाचला तुमच्या आईच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि काही नाही म्हणाले. मग एके दिवशी पाच वाजले तरी ती घरात नव्हती. मी जिन्याने खाली आले.

ती खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने पसाभर शेंगांत तीनशे दाणे सांगितले होते आणि निघाले होते एकशे बत्तीस. ती सांगत होती की काल तिने जी शेंग फोडली तिच्यात तीन दाणे होते, म्हणून सगळ्यांत तीन धरले, आणि शेंगा शंभर असतील असं वाटलं. शेंगा निघाल्या सहासष्ट, आणि जवळपास सगळ्या दोन दाण्यांच्या. 'म्हणजे मी दोनदा चुकले,' ती म्हणाली. दोनदा हा शब्द तिने असा उच्चारला, जसा बाकीची मुलं पहिला नंबर उच्चारतात. अकरा मार्कांचा पेपर घडी घालून घेणारी मी, तिथे उंबऱ्यात उभी.

'बसा बाई,' आबा म्हणाले. 'तुमीबी एक आकडा सांगा. ही बादली किती तांब्यांत रिकामी व्हईल?'

मी बादलीचा वरचा घेर पाहिला, तळ पाहिला, सरासरी काढली, तांब्याचा अंदाज घेतला आणि सतरा म्हणाले. मोजलं. सतरा झाले.

मला वाटलं आता निदान आश्चर्य तरी दाखवतील. आबा म्हणाले, 'बरोबर हाय,' आणि त्यांची धाकटी नात, जिने साठ सांगितले होते, तिला त्यांनी उचलून खुर्चीत ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या आईनेही. मग माझ्याकडे वळून ती अगदी कळवळून म्हणाली, 'आई, तुला कधीच खुर्ची मिळणार नाही गं.'

मला हेवा वाटला. याला दुसरे सभ्य शब्द शोधले तर सापडतील, पण मी शोधणार नाही. माझ्या पोटची मुलगी, माझा विषय, आणि माझ्याच घराच्या खाली दुसरा माणूस तिला तो देत होता, तेही शेंगा खात. त्यानंतर रोज संध्याकाळी मी वर वह्या तपासत बसे आणि खालून हसणं ऐकू येई. त्या हशात तुमच्या आईचं हसू मला वेगळं काढता यायचं. थोड्या दिवसांनी त्यात एक पुरुषी हसू मिसळलं आणि ते तुमच्या आजोबांचं निघालं. पाच मिनिटांत येतो म्हणून खाली जायचे आणि जेवायला हाक मारेपर्यंत यायचे नाहीत. आठवड्यात तीनदा खुर्चीत बसलो, असं इंजिनियर माणूस जिना चढता चढता सांगायचा.

रविवारी तर शेळगावला आबांच्या पेरूच्या बागेत सगळी वरात जाई. झाडावर पेरू किती, ओळीत झाडं किती, यावर वाद घालत परत येत. मी गेले नाही. मला वह्या होत्या.

एका रविवारी मात्र मी हाच खेळ वर मांडला. शेंगा आणल्या, पेरू आणले. वहीत रकाने आखले, नाव, अंदाज, खरी संख्या, फरक. तुमच्या आईने शेंगांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि विचारलं, 'हे किती मार्कांचं आहे?' मी काही नाही म्हणाले, तरी दहा मिनिटांत तिचं पोट दुखू लागलं. आजोबा शेंगा गोळा करत म्हणाले, 'तू त्याचाही तास केलास.'

मग मी ते केलं, जे सांगायला मला आजही बरं वाटत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आहे, असं कारण काढून मी तिचं खाली जाणं बंद केलं. ती रडली नाही. टेबलापाशी बसायची आणि सांगितलेलं करायची, आणि चुकलेलं खोडरबराने इतकं घासायची की कागद फाटे. चूक कुठून आली हे मला कळायला काही उरतच नसे.

आबांनी तिला हाक मारली नाही, की मला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची सून वर झाकलेली वाटी घेऊन आली. 'मामंजी म्हनले, ह्यात हरभरं किती त्ये झाकन न काढता वाटी हालवून सांगायचं.' तुमच्या आईने वाटी कानाशी धरून हलवली. मला नाही म्हणता येईना, कारण ती खाली गेली नव्हती. मग रोज वाटी येऊ लागली.

एके दिवशी वाटीऐवजी डाळिंब आलं. हा प्रश्न फक्त बाईंसाठी, असा निरोप. आत दाणे किती. घरात कुणी नव्हतं. मी डाळिंब हातात धरून बराच वेळ बसले. आकडा सुचत नव्हता असं नाही. पण सुचलेला आकडा चुकला तर, हे मला सहन होईना. शेवटी मी डाळिंब फोडलं, ताटात दहा-दहाचे ढीग केले आणि सगळे दाणे मोजले. सहाशे तेरा. चिठ्ठीवर आकडा लिहून पाठवला.

संध्याकाळी आबा स्वतः जिना चढून आले. बसले नाहीत. 'बाई, बाद,' म्हणाले. 'फोडून मोजलं तुमी. अंदाज करनाऱ्याच्या तोंडात सहाशे तेरा येत न्हाय.'

मी खोटं बोलले नाही. हो म्हणाले.

'चुकायचं एवढं भ्या कशापायी?'

काय झालं कोण जाणे, मी त्यांना वडिलांचं वाक्य सांगितलं. दुसऱ्याची ती चूक, आणि आपली झाली की काय निघतं ते. ते हसले नाहीत. असं काही नसतं हो, असंही म्हणाले नाहीत. टोपी काढली, पण उभेच होते, ती ठेवायला गुडघा नव्हता. हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, 'व्हय. काट्यावरबी बघितलंय मी त्ये.' मग खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या आईला खाली जाऊ दिलं. मोठ्या मनाने दिलं असं समजू नका. ती नसताना तरी घरात मोकळा श्वास घेता यायचा, इतकंच.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर निकाल आला आणि शिष्यवृत्तीच्या यादीत तुमच्या आईचं नाव होतं. गणितात तिचे मार्क आमच्या शाळेत सर्वांत जास्त. शिक्षकांच्या खोलीत सगळे माझं अभिनंदन करू लागले. घरातच गणिताची बाई, मग काय, असं जो तो म्हणे. मी पहिल्या माणसाला थांबवलं नाही. मग दुसऱ्याला थांबवणं जमलं नाही.

पालकसभेत मुख्याध्यापिकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. अकरावरून इथपर्यंत मुलीला कसं आणलं, ते पालकांना कळावं म्हणून. मी लिहून नेलं होतं. रोज एक तास, ठरलेली वेळ, घरातली शिस्त, चुकांची वेगळी वही. सगळं मुद्देसूद होतं. अर्ध्यावर आले तेव्हा मला मागच्या बाकावर आबा दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी, शेजारी काकी. तुमच्या आईने स्वतः खाली जाऊन त्यांना बोलावलं होतं, मला न सांगता. कागद माझ्या हातात होता. तो खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. मी कागद शेवटपर्यंत वाचला.

तुमची आई व्यासपीठाच्या कडेला गुलाबाचं फूल घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. मग फुलाकडे पाहू लागली.

सभा संपल्यावर आबा गर्दीतून माझ्यापर्यंत आले.

'चांगलं बोललात बाई,' ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. 'एक चूक झाली. पर तिची वाट मला ठावं हाय, तुमी सांगू नका.' आणि जाता जाता वळले. 'संध्याकाळी खाली या. आज खुर्ची तुमची.'

काकी त्यांची बाही ओढत होत्या. त्यांना वाटलं हे टोमणा मारताहेत. मलाही त्या वेळी तसंच वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की त्या घरात खुर्ची देऊन कुणाचा अपमान करायची रीतच नव्हती.

घरी जाताना वाटेत तुमची आई एकच वाक्य बोलली. 'आई, आबा मागे बसले होते.' मी म्हणाले, पाहिलं. तेवढंच. त्यावर ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि नंतरही कधी नाही.

संध्याकाळी खालून हाक आली. आजोबा गेले, तुमची आई गेली. मला वह्या होत्या. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या संध्याकाळी आबांनी प्रश्नच काढला नाही. खुर्ची रिकामी ठेवून सगळे शेंगा खात बसले होते.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढवताना आबा, ट्रकमध्ये सामानाचे नग किती बसतील यावर हमालांशी पैज लावून हरले आणि खूश झाले. माझ्याशी ते शेवटपर्यंत पूर्वीसारखेच वागले. मी मात्र नाही. त्यांची पत्रं यायची, तुमच्या आईच्या नावाने, प्रत्येकात एक प्रश्न. मी ती तिला द्यायचे. एकही ठेवून घेतलं नाही, एवढं मी माझ्या बाजूने म्हणू शकते. ते गेल्याची बातमीही तशाच एका पाकिटातून आली, काकींनी नातीकडून लिहवून घेतलेली. तुमची आई तेव्हा इंजिनियरिंगला होती. ती एकटी बारामतीला जाऊन आली. चल, असं मला म्हणाली नाही, आणि येते, असं मी म्हणाले नाही.

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तुम्ही जेवत होता आणि मला दिसलं की तुमची आई पास्त्याचं भांडं झाकून धरून तुम्हाला काहीतरी विचारते आहे. सईने कुठला तरी अचाट आकडा सांगितला आणि तिघं टेबलावर पडून हसलात. मी इकडे हसले, पण तोच जुना हेवा पुन्हा वाटला. एवढं वय झालं, तो माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तरीही ते हसणं माझ्यामुळे नाही याचं मला वाईट वाटतं. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

अनय, तक्ता शाळेत देऊन झाला असेल तर राहू दे. नसेल तर मधलं वाक्य बदल. काय लिहायचं ते आईला विचार, ती वाट तिला ठाऊक आहे.

गेल्या डिसेंबरात मी कामासाठी बारामतीला गेले होते. आबांचं घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली आहे. त्यांचा मुलगा आणि सून शेळगावला बागेत राहतात. मी तिकडे जायला निघाले आणि इंदापूर रस्त्यावरच्या फाट्यावरून परत फिरले. मग वेळ होता म्हणून शाळेत गेले. शाळेच्या व्हरांड्यात शिष्यवृत्तीधारकांचा एक लाकडी फलक आहे. विद्यार्थी, वर्ष, मार्गदर्शक, असे रकाने पांढऱ्या रंगाने रंगवलेले. तुमच्या आईचं नाव वरून चौथं आहे, आणि त्यासमोर मार्गदर्शक म्हणून माझं. नव्या मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनी निघाल्या. मी त्यांना म्हणाले, तिथे दुसऱ्या कुणाचं नाव हवं होतं. त्या म्हणाल्या, बाई, आता इतक्या वर्षांनी कशाला, असू दे. मला बरं वाटलं, आणि मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

फलक चांगल्या सागवानाचा आहे. दर दोन-तीन वर्षांनी त्यावरची अक्षरं नव्याने रंगवतात. माझं नाव स्वच्छ वाचता येतं.